वहिवाटीशी भांडून हरलेला वीर: एडे लोकांचा दाम सान

गार्गी_ठा

सध्या व्हिएतनामच्या मध्य पठारावरच्या एडे लोकांची वीरकाव्यं भाषांतरांतून वाचते आहे. एक प्रश्न काही केल्या सुटत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. एडे (जुन्या फ्रेंच लिखाणात 'राडे') मुख्यतः दाक लाक प्रांतात राहतात. २०१९च्या जनगणनेत ते चार लाखांच्या आसपास होते. त्यांची भाषा चाम भाषेची बहीण, म्हणजे मलय-इंडोनेशियन गोतावळ्यातली. व्हिएतनामीशी तिचं नातं नाही. यांच्याकडे लांबलचक वीरकथा रात्री घरात गाऊन सांगायची परंपरा आहे. या कथांना 'खान' म्हणतात. सिंग न्या, दाम दी, खिंग जू अशा बऱ्याच कथा आहेत, पण सगळ्यांत गाजलेली दाम सानची.

एडे समाज मातृवंशीय. मुलीकडचे मुलाला मागणी घालायला जातात, नवरा बायकोच्या घरी नांदायला येतो, मुलं आईचं कुळ लावतात. नवरा-बायकोतलं कुणी गेलं, तर गेलेल्याच्या कुळानं त्या जागी दुसरं माणूस द्यायचं. या वहिवाटीला 'नुए' म्हणतात. जुन्या पिढीत जुळलेलं नातं तुटू नये म्हणून याच वहिवाटीनं ह'नी आणि ह'भी या दोन बहिणींशी दाम सानचं लग्न ठरतं. त्याला ते नको असतं. शेवटी आकाशातला देव आए दिए मध्ये पडतो आणि लग्न होतं.

पुढे दोन सरदार, म्ताव ग्रू आणि म्ताव म्सेइ, वेगवेगळ्या वेळी ह'नीला पळवतात. दाम सान दोघांना मारतो, त्यांची माणसं आणि संपत्ती घेऊन येतो. मग ज्या झाडात बायकांचा आणि त्यांच्या पूर्वजांचा जीव आहे ते झाडच तोडतो. दोघी मरतात. हा आकाशात चढून देवाकडून उपाय आणतो आणि त्यांना जिवंत करतो. एवढं करून स्वस्थ बसत नाही. सूर्यदेवीलाच बायको करून आणायला निघतो. ती नकार देते. परतताना काळ्या मातीच्या रानात ऊन चढतं, जमीन वितळते आणि तो घोड्यासकट रुतून मरतो. त्याचा जीव माशी होऊन बहिणीच्या, ह'आंगच्या तोंडात शिरतो. तिला मुलगा होतो, त्याचंही नाव दाम सान. आणि ह'नी-ह'भीच्या घरी मामाच्या जागी आता हा भाचा जातो.

सरदारांना लोळवणारा हा माणूस ज्या वहिवाटीशी आयुष्यभर भांडला, तिच्यापुढे साफ हरला. मेल्यावरही सुटला नाही. मग एडे लोकांचा सगळ्यांत मोठा वीर हाच कसा? माझं मत सांगते: ही बंडाची कथा आहे, आणि बंड हरलं तरी गाणाऱ्याचं मन बंडखोराकडेच आहे. तुम्हाला काय वाटतं?

निळोबा

बाप रे, काय कथा आहे! मामाचं लग्न भाच्याच्या गळ्यात. पुढचा भाग कधी टाकताय?

गार्गी_ठा

निळोबा, कथा तिथेच थांबते. भाचा नुए म्हणून गेला, संपलं. म्हणूनच तर प्रश्न पडला.

मेघना_सायगाव

मी नोकरीनिमित्त हो चि मिन्ह शहरात राहते. धागा वाचून आज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात विषय काढला, तर सगळ्यांना दाम सान तोंडपाठ! दहावीच्या पाठ्यपुस्तकात म्ताव म्सेइशी झालेलं युद्ध वर्षानुवर्षं होतं. एकीची मुलगी आत्ता दहावीत आहे, तिच्या नव्या पुस्तकात सूर्यदेवीकडे जायचा भाग आहे. म्हणजे जुन्या पिढीला जिंकणारा दाम सान माहीत, नव्या पिढीला हरणारा.

ते युद्ध मी लगेच मिळवून वाचलं. फार मजा आली. दाम सान शत्रूच्या घराखाली उभा राहून हाक मारतो, खाली ये. एडे लोकांची लांबच लांब घरं खांबांवर असतात, त्यामुळे युद्धाची सुरुवातच जिन्यापासून. म्ताव म्सेइ वरून म्हणतो, मी नाही येत, माझा हात तुझ्या बायकोच्या गळ्यात आहे. मग म्हणतो, उतरताना भोसकशील. दाम सान म्हणतो, तुझ्या घराखालच्या डुकराला मी भोसकत नाही, तर तुला कशाला? मग दोघं ढाल घेऊन आळीपाळीनं नाचतात. म्ताव म्सेइची ढाल वाळक्या दोडक्यासारखी खुळखुळते. ह'नी वरून विडा फेकते, तो दाम सान झेलतो आणि त्याच्या अंगात बळ येतं. तरीही भाला शत्रूच्या अंगात शिरत नाही. तेव्हा देव स्वप्नात येऊन सांगतो की झिजलेलं मुसळ घे आणि त्याच्या कानावर फेक. तलवार नाही, जादूचा बाण नाही, स्वयंपाकघरातलं झिजलेलं मुसळ! चिलखत गळून पडतं आणि तो डुकरांच्या खुराड्याभोवती, रेड्यांच्या गोठ्याभोवती पळत सुटतो.

निळोबा

मुसळ! यादव कुळाचीही आठवण झाली. मुसळाच्या नादी कुणी लागू नये.

दर्यावर्दी

बायको पळवली, नवरा चालून गेला, देवाची मदत, शत्रूचा वध. हे सरळ रामायण दिसतं आहे. चाम लोकांचं चंपा राज्य शेजारी होतं, तिथे संस्कृत शिलालेख आहेत, 'मी सोन' या ठिकाणची शिवमंदिरं आहेत (आपल्या पुरातत्त्व खात्यानं तिथे दुरुस्तीचं कामही केलं). दाक लाकमध्येही यांग प्रोंग नावाचं चाम लोकांचं विटांचं मंदिर आहे. मग रामकथा पठारावर पोचली नसेल कशावरून?

अनुराधा_के

दर्यावर्दी, चाम लोकांचा आणि पठाराचा संबंध होता यात वाद नाही. भाषाच सख्ख्या बहिणी. पण बायको पळवण्यावरून रामायण ठरवायचं तर ट्रॉयचं युद्धही रामायण ठरेल. कथेचा आतला हिशोब बघा. ह'नी परत आल्यावर तिला कुणी एका शब्दानं विचारत नाही. शुद्धीचा, संशयाचा प्रश्नच निघत नाही, कारण घर तिचं, वंश तिचा. नवऱ्यानं संशय घ्यायला तो घराचा मालक कुठे आहे?

आणि युद्ध संपल्यावर काय होतं तेही बघा. शत्रूचं डोकं रस्त्याकडेला लावून झालं की दाम सान म्ताव म्सेइच्या माणसांना हाका मारतो, माझ्याबरोबर येणार का? तीनदा विचारणं, तीनदा होकार. मग सगळं गाव गाई-म्हशी, घंगाळं (म्हणजे वाजवायच्या धातूच्या थाळ्या, गाँग), रांजण उचलून त्याच्यामागे चालू लागतं. लूट आहेच, पण ती गावं एकत्र करण्याचीही गोष्ट आहे. ज्याच्यामागे माणसं जास्त तो सरदार मोठा. रामाला लंका वसवायची नव्हती.

गार्गी, तुझ्या बंडाच्या मताशी मी सहमत नाही. सविस्तर नंतर लिहिते, आत्ता कॉलेजात जायचं आहे.

आबा_माणदेशी

वाचतोय. छान चाललंय. पण मंडळी, तुम्ही सगळी कथा वाचताय. ही गायची चीज आहे ना? गातं कोण, बसून गातात का उभ्यानं, वाद्य काय, झील धरणारे किती? ते कळल्याशिवाय वीर का हरला याचं उत्तर सापडायचं नाही.

आमच्याकडं धनगरी ओवी अशीच रात्रभर चालते. सुंबरान मांडलं की ढोल, झांजा. आधी ओवी गायची, मग तीच हकिकत बोलून सांगायची, पुन्हा ओवी. बिरोबाची, धुळोबाची. गुंथर सोन्थायमर या जर्मन माणसानं माळावर हिंडून त्या ऐकल्या, टेप केल्या, म्हणून पुण्या-मुंबईच्या लोकांना तरी ठाऊक झाल्या. कागदावर वाचली तर ओवी अर्धी कळते. लोक कुठं हुंकार देतात, कुठं डुलकी काढतात, कुठं म्हातारी पदर डोळ्याला लावते, ते कागदावर येत नाही.

मेघना_सायगाव

आबा, तुमच्या प्रश्नांची जमेल तेवढी उत्तरं देते.

खान एकटा माणूस गातो. साथ नाही, वाद्य नाही, झील नाही. चुलीजवळ किंवा लांब बाकावर बसून, कधी आडवं पडूनही. पीक घरात आलं की रात्री घर भरतं आणि तो सुरू करतो. एक कथा कित्येक रात्री चालू शकते. सगळी पात्रं तोच: दाम सान बोलतो तेव्हा आवाज वेगळा, ह'नीचा वेगळा, देवाचा वेगळा. यूट्यूबवर काही ध्वनिमुद्रणं आहेत. मला शब्द एक कळत नाही, तरी कोण बोलतंय ते कळत होतं.

रचना अशी की एका तुकड्याच्या शेवटी जो ध्वनी येतो तो पुढच्या तुकड्यात उचलला जातो, आणि गाडी पुढे सरकते. साखळी धरली की पुढचं आपोआप आठवतं. वर्णनंही ठरलेली. वीर आला की त्याच्या मांड्या तुळईएवढ्या, श्वास भात्यासारखा, केस इतके लांब की खाली टोपली धरावी लागते. मेजवानी आली की घंगाळं वाजणार आणि त्यांचा आवाज ऐकून रानातली भुतं माणसांना छळायचं विसरणार, उंदीर बीळ उकरायचं विसरणार, हरणं चरायची थांबणार.

गार्गी_ठा

ठरलेल्या वर्णनांबद्दल एक भर घालते. १९३०च्या दशकात मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातल्या निरक्षर गायकांना ऐकून दाखवून दिलं की असा गायक हजारो ओळी घोकत नाही. त्याच्याकडे तयार तुकड्यांचा साठा असतो आणि गाताना तो कथा नव्यानं बांधतो. एडे गायकाला हे तंतोतंत लागू पडेल असं मी म्हणणार नाही, पण वीराच्या मांड्या दर वेळी तुळईएवढ्याच का, याचं उत्तर तिथून मिळतं. तेवढी ओळ गाताना गायकाला पुढचा विचार करायला सवड मिळते.

आबा_माणदेशी

हा, हे पटलं. आमचा ओवीकारही तेच करतो. घोडा आला की घोड्याचं सगळं सामान आलंच, खोगिरापासून.

पर्यटनप्रेमी

नमस्कार, धागा छान आहे. आम्ही दिवाळीत व्हिएतनामला जातोय (हनोई, हा लाँग, दा नांग). ही लांब घरं कुठे बघायला मिळतील? सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. शाकाहारी आहोत.

तांबडीमाती

पर्यटनप्रेमी, हनोईच्या मानववंश संग्रहालयाच्या आवारात एडे लोकांचं पूर्ण लांब घर उभारलेलं आहे, ४२ मीटरहून लांब. दाक लाकमधल्या बून मा थूत शहराजवळच्या एका घराच्या नमुन्यावर बांधलंय, आत जाता येतं. जिना मात्र उभ्या लाकडात खोबण्या पाडलेला, सासूबाईंनी खालूनच बघावं. त्या जिन्याच्या वरच्या टोकाला दोन स्तन आणि चंद्रकोर कोरलेली असते. घर कुणाचं हे चढतानाच कळतं.

आता मूळ विषय. मी कॉफीच्या व्यवसायात आहे, त्यामुळे बून मा थूतला जाणं-येणं असतं. व्हिएतनामच्या कॉफीचं ते मुख्य ठिकाण. सगळीकडे तांबडी माती, पावसाळ्यात बूट ओळखू येत नाहीत. शहराच्या नावातच जुनं एडे गाव आहे, थूतच्या बापाचं गाव. एडे माणसाला मूल झालं की त्याला मुलाच्या नावानंच हाक मारतात.

दाम सान पहिल्यांदा कागदावर आणला तो याच गावात बसलेल्या एका फ्रेंच अधिकाऱ्यानं, लेओपोल साबातिये त्याचं नाव. १९१४च्या सुमारास आला, तिथला मुख्य अधिकारी झाला. एडे भाषा शिकला, रोमन लिपीत ती लिहायची सोय करण्यात त्याचा हात होता, शाळा काढली, कायदे गोळा केले, आणि दाम सान उतरवून घेऊन १९२७ साली पॅरिसात फ्रेंचमध्ये छापला. पुढे १९३३ मध्ये एडे मजकुरासह पुन्हा छापून आला. त्या तांबड्या मातीवर रबर आणि कॉफीच्या मळेवाल्यांचा डोळा होता आणि साबातिये त्यांना आत येऊ देत नव्हता. १९२६ साली त्याला तिथून हलवलं. त्यानंतर मळे आले. माणूस हुकूमशहा होता, वेठबिगारीनं रस्ते बांधून घेतले, ते लपवायचं कारण नाही. पण जमिनीच्या बाबतीत त्याला जी भीती होती ती खरी ठरली.

मी ज्या गावात जातो तिथे लांब घरं उरलीत, पण थोडी. पूर्वी मुलीचं लग्न झालं की घराला एक खण वाढायचा. आता मुलगी शेजारी सिमेंटचं घर बांधते. एवढं लाकूड आणणार कुठून? रान राहिलं नाही. बरेच लोक प्रॉटेस्टंट झालेत, त्यामुळे रांजणांचे, घंगाळांचे जुने विधी त्या घरांतून गेले. माझ्या ओळखीच्या एका घरात लांब बाक अजून आहे. एकाच झाडाचा कोरलेला, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधोमध बसून बसून गुळगुळीत झालेला. घंगाळं वाजवणारे त्याच्यावर ओळीनं बसायचे. आता त्यावर कॉफीची पोती असतात. घरच्या आजींना विचारलं, खान ऐकलं होतं का? म्हणाल्या, लहानपणी रात्र रात्र. गाणारे आजोबा गेले, नातवाला येत नाही.

वाचनवेडा

घंगाळांची परंपरा जगाला माहीत झाली. पठारावरची घंगाळ-संस्कृती युनेस्कोनं २००५ साली गौरवली, २००८ मध्ये यादीत आली. पण खान गाणाऱ्याला पर्यटकांसमोर अर्ध्या तासात काय दाखवता येणार? घंगाळं पाच मिनिटं वाजली तरी टाळ्या मिळतात. पाच मिनिटांत दाम सान जिनाही उतरत नाही.

तरी काम झालंच नाही असं नाही. २००१ ते २००७ या काळात व्हिएतनाम सरकारनं पठारावरची सगळी वीरकाव्यं गोळा करायचा मोठा प्रकल्प केला. ७५ रचना ६२ खंडांत छापल्या, मूळ भाषा आणि व्हिएतनामी दोन्ही. त्यात एडे खान आहेत, म्नोंग लोकांची ओत न्द्रोंग आहेत, बाहनार लोकांची होमोन आहेत. मला हे अत्यंत महत्त्वाचं वाटतं. गायक गेले तरी शब्द राहिले.

आबा_माणदेशी

शब्द राहिले, पण कुठं राहिले? कपाटात. ६२ खंड त्या आजींच्या घरात आहेत का?

वाचनवेडा

आबा, कपाटात का होईना, आहेत. सोन्थायमरनं टेप केल्या नसत्या तर तुमच्या कितीतरी ओव्या आज आपल्याला मिळाल्या असत्या का? छापलेलं पुन्हा गाता येतं. विरलेलं कसं गाणार?

आबा_माणदेशी

मिळाल्या नसत्या, हे खरं. त्यांचे उपकार आहेतच. मी एवढंच म्हणतो की खर्च करताना अर्धा पैसा गाणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्या पोरासाठी ठेवा. टेप करणारा महिनाभर राहतो नि जातो. पोरगं गावात राहतं.

तांबडीमाती

आबा, तिकडे असे वर्ग घेतलेत, म्हाताऱ्या गायकांकडून पोरांना शिकवायचे. प्राथमिक शाळेत एडे भाषा विषय म्हणूनही शिकवतात. पण अडचण वेगळीच आहे. पोराला कथा पाठ होते, पण ऐकणारं घर मिळत नाही. रात्री सगळे मोबाइलवर.

अनुराधा_के

आले. आता गार्गीच्या प्रश्नाकडे.

व्हिएतनाममध्ये बरीच वर्षं या कथेचा एक ठराविक अर्थ सांगितला गेला: मातृसत्ता मोडून पितृसत्ता येण्याचा काळ, आणि दाम सान त्या बदलाचा अग्रदूत. पुरुष बंड करतो, समाज अजून तयार नाही, म्हणून हरतो. मला हे मुळातच पटत नाही. एक तर मातृवंश म्हणजे बायकांचं राज्य नव्हे. एडे गावात सरदार पुरुष, लढणारे पुरुष, बायकोच्या घरात तिच्या भावांचा शब्द मोठा. कुळ आणि घर मात्र बाईचं. दुसरं, 'बदल येणार होता' हे आपण मागाहून ठरवतो. ज्यांनी गायलं ते कुठल्याही संक्रमणात नव्हते, आपल्या घरात बसले होते.

तेही कुणाच्या घरात? बाईच्या. गार्गी, तू म्हणतेस गाणाऱ्याचं मन बंडखोराकडे. समोर घरमालकीण बसली आहे, तिच्या मुली, तिचे जावई बसले आहेत. त्या घरात नुएच्या विरोधात बंड गायलं गेलं असतं आणि पिढ्यानपिढ्या ऐकून घेतलं असतं, असं तुला वाटतं?

गार्गी_ठा

का नाही? आपल्याकडे ज्या घरात सासूचा धाक होता त्याच घरात जात्यावर सासूची उणीदुणी काढणाऱ्या ओव्या म्हटल्या गेल्या. सासूनं ऐकल्याही. गाण्यात म्हणायला मुभा असते.

निळोबा

मला एक शंका आहे. ह'नी-ह'भी मेल्या तेव्हा हा सुटला होता की. मग वर चढून त्यांना परत का आणलं? ज्याला लग्नच नको होतं त्याने बायका जिवंत कशाला करायच्या?

मेघना_सायगाव

निळोबा, फार मोलाचा प्रश्न विचारलात! आणि आणखी बघा. नियमाप्रमाणे त्या मेल्यावर त्यांच्या कुळानं दुसऱ्या बायका द्यायच्या. मागायचा त्याचा हक्कच होता. तो मागत नाही. बदली नको, याच दोघी हव्यात, म्हणून आकाशात जातो. म्हणजे त्याचं भांडण बायकांशी नव्हतं. एका माणसाच्या जागी दुसरं माणूस चालतं, या कल्पनेशी होतं. सुरुवातीला तो कुणाची तरी बदली व्हायला तयार नव्हता, आणि नंतर कुणाला त्यांची बदली होऊ द्यायला तयार नव्हता.

गार्गी_ठा

मेघना, हे मला सुचलं नव्हतं. झाड तोडतो तो भाग मी नुसता 'उन्माद' म्हणून वाचला होता. ह'नी नको नको म्हणत असते आणि हा तोडत राहतो. पण त्यानंतरचं रडणं आणि चढून जाणं एकत्र ठेवलं की तू म्हणतेस ते दिसतं.

अनुराधा_के

मेघनाचं मत मला गार्गीच्या मतापेक्षा जास्त पटतं, आणि ते आणखी पुढे नेता येतं.

साबातियेनं गोळा केलेले एडे लोकांचे कायदे १९४० साली छापले गेले. ते कायदेही पद्यात आहेत, खानसारख्याच साखळीच्या बोलीत. निवाडा करणारा ते म्हणून दाखवायचा. नुएबद्दलचं जे वचन एडे लोकांच्या तोंडी असतं, त्याचा आशय असा: घराची तुळई मोडली तर बदलावी, जमिनीची कामटी कुजली तर नवी घालावी, माणूस गेलं तर त्या जागी माणूस द्यावं. आता वीराचं वर्णन आठवा. दाम सान पालथा झोपला तर जमिनीखालची तुळई मोडते, उताणा झोपला तर लांब वासा मोडतो. हे ठरलेलं वर्णन आहे, त्याच्या ताकदीचं कौतुक म्हणून गायलं जातं. पण कायद्याचं वचन रोजच्या बोलण्यात असलेल्या माणसाच्या कानावर ते कसं पडत असेल? ज्या घरात तुळई मोडली तर बदलतात, त्या घरात तुळया मोडणारा माणूस आला आहे. एवढा मोठा की घराला पेलवत नाही. आणि शेवटी तोच मोडतो, आणि त्याची जागा भाच्यानं भरली जाते.

ऐकणारे एकाच वेळी दोन्ही ठिकाणी असतात. त्याचा अभिमानही वाटतो आणि घर उभं राहावं असंही वाटतं. म्हणून मी याला बंड म्हणत नाही, आणि वहिवाटीचा विजयही म्हणत नाही.

दर्यावर्दी

रामायणाचा मुद्दा मी सोडतो. हे वेगळंच प्रकरण आहे.

एक विचारतो: सूर्यदेवी नकार का देते? तिला हा आवडत नाही म्हणून?

गार्गी_ठा

नाही, आवडीनिवडीचा प्रश्नच नसतो. ती म्हणते, मी तुझ्याबरोबर खाली आले तर रानातली जनावरं मरतील, पाखरं मरतील, पिकं करपतील, एडे लोक मरतील. तिची जागा घेणारं दुसरं कुणी नाही. (हे लिहिताना लक्षात आलं की मेघनाचा मुद्दा इथेही लागू पडतो! जिची बदली होऊच शकत नाही अशा एकीकडे तो गेला होता.) मित्रानं, दाम पार क्वायनं आधीच सावध केलेलं असतं की तिकडून माणूस परत येत नाही. देवीही म्हणते, आत्ता निघू नकोस, मी वर चढले की तू मरशील. तो थांबत नाही.

अनुराधाताई, तुळईचं वाचून तुमचं बरंचसं पटलं. तरी एक सांगते, 'घर उभं राहावं' आणि 'हा मोठा आहे' या दोन्ही भावना सारख्या वजनाच्या आहेत असं मला वाटत नाही. ज्याचं नाव भाच्यालाही दिलं, ज्याच्या नावानं कथा ओळखली जाते, तो दाम सान आहे, ह'नी नाही. मुसळ, विडा, ढाल, आकाश, सूर्य, सगळ्या ठिकाणी गाणारा त्याच्या पाठोपाठ आहे. घरात कोण थांबलं त्याची कथा कुणी सात रात्री गायली नाही.

अनुराधा_के

भाच्याला नाव दिलं ते नुए पुरं व्हावं म्हणूनच ना? नाव हीच बदली झाली. नाही पटत गार्गी, पण भांडायला मजा आली.

आबा_माणदेशी

दोघींना एकच सांगतो. ऐकणारा माणूस रोज एकाच बाजूनं नसतो. लग्न ठरलेलं पोरगं त्या रात्री ऐकत असेल तर ते दाम सानच्या बाजूनं. नवरा वारलेली, घरात चार लेकरं असलेली बाई ऐकत असेल तर ती नुएच्या बाजूनं, कारण तिला उद्या शेतात हात लागणार आहेत. तीच कथा, तीच चूल. आमच्याकडं बिरोबाच्या ओवीला पोरं लढाईला जागी होतात आणि बाया लग्नाला.

गार्गीताई, एक मागणं आहे. म्ताव म्सेइच्या युद्धाचा तो तुकडा मराठीत आणा. जिन्याखालून हाक मारतो तिथपासून मुसळापर्यंत. सरळ गद्यात नको. थोडं गाऊन, थोडं बोलून, आमच्या ओवीच्या घाटात. लिहून पाठवा, मी आमच्या इथल्या ओवीकाराला वाचून दाखवतो आणि तो काय म्हणतो ते इथं टाकतो.

गार्गी_ठा

आबा, नक्की. फ्रेंच आणि इंग्रजी समोर ठेवून पहिला तुकडा बसवते. तांबडीमाती, तुमच्या ओळखीच्या त्या आजींना विचाराल का, जिन्यावरचं बोलणं गाताना गायक कुठे थांबत असे? ते कळलं तर गायचा भाग कुठे आणि बोलायचा कुठे ते ठरवता येईल.

तांबडीमाती

विचारतो. पुढच्या महिन्यात जाणं आहे. फोन रेकॉर्डिंगला चालू ठेवू का, तेही आधी त्यांनाच विचारीन.

पर्यटनप्रेमी

शाकाहारी जेवणाचं कुणी सांगितलंच नाही!

मेघना_सायगाव

पाटीवर 'चाय' लिहिलेलं हॉटेल शोधा, म्हणजे शाकाहारी. चहा मिळेलच असं नाही.